‘लागलं’ की ‘वाटलं’?

आमच्या वाचनालयाच्या वरच्या खोलीत दाटीवाटीने चाळीस खुर्च्या मावतात. त्या रविवारी सत्तावीस माणसं होती. त्यात चार जण वाचणारे, पाचवी मी आणि सहावी लेखिकेची आई. म्हणजे खरे श्रोते एकवीस. खाली पोहे तयार होते. इंदूरच्या वाचकांना हे वेगळं सांगायला नको. पोह्यांशिवाय इथे श्रद्धांजली सभासुद्धा होते की नाही, मला शंका आहे.

कार्यक्रम होता नव्या नाटकांच्या वाचनाचा. तीन नवोदित लेखकांची तीन नाटकं, दर महिन्याला एक. नेपथ्य नाही, रंगभूषा नाही, पाठांतर नाही. चार खुर्च्या, समोर चार स्टँड (हे एका तबला-हार्मोनियमच्या क्लासमधून मागून आणलेले), त्यावर संहिता, आणि बाजूला एक जण रंगसूचना वाचायला. ते काम माझ्याकडे होतं. बँकेत अठ्ठावीस वर्षं काउंटरवर बसल्यामुळे माझा आवाज शेवटच्या रांगेपर्यंत जातो, एवढीच माझी पात्रता.

हे काम दिसतं तितकं सोपं नाही. ‘तो उठतो. खिडकीपाशी जातो. बाहेर बघतो.’ हे असं वाचायचं की श्रोत्याला खिडकी दिसली पाहिजे, पण मी दिसता कामा नये. पहिल्या तालमीत मी इतक्या भावना ओतून वाचलं की दिग्दर्शन करणारा मुलगा म्हणाला, “काकू, खिडकीला रडू नका आणू.” आणखीही बारकावे कळत गेले. कागदाच्या एकाच बाजूला छापायचं, अक्षर मोठं ठेवायचं, म्हणजे पान उलटताना फडफड होत नाही. तालमी दोनच करायच्या. फार बसवलं की नट आपल्या करामतीने संहितेतली भोकं बुजवून टाकतात आणि लेखकाला ती दिसतच नाहीत. लेखकाने शेवटच्या रांगेत बसायचं. नाटकाकडे नाही, माणसांच्या पाठींकडे बघायचं. खोकला कुठे येतो, खुर्ची कुठे करकरते, मोबाइलचा उजेड कुठे पडतो, हे समासात टिपायचं. खोकल्याइतका प्रामाणिक समीक्षक दुसरा नाही.

सानंदच्या नाटकांना आपण सगळेच जातो. मुंबई-पुण्याची गाजलेली नाटकं घरबसल्या बघायला मिळतात, हे आपलं भाग्यच. पण ते नाटक आपल्याकडे तयार होऊन येतं. इथे पोहोचेपर्यंत त्याचे बरेच प्रयोग झालेले असतात, कुठे हशा येतो हे नटांना पाठ असतं. आपण फक्त वेळेवर हसायचं. बाबा डिके आणि त्यांची नाट्यभारती यांच्या काळात इथली माणसं इथेच नाटकं बसवत, आमच्या घरातली मोठी माणसं त्याबद्दल अजून बोलतात. नंतर आपण हळूहळू चांगले प्रेक्षक झालो आणि तेवढेच उरलो. म्हणून या वाचनाचं मला अप्रूप होतं. कच्चं नाटक ऐकायची सवय आपल्याला नाही. मला तर नव्हतीच, हे पुढे कळेल.

पहिल्या महिन्याचं नाटक एका पंचवीस वर्षांच्या मुलीचं होतं. नाटकाचं नाव सांगत नाही, कारण ते अजून बदलतं आहे. मुलगी इथलीच. शाळा हिंदी माध्यमाची, मराठी घरातली. गोष्ट परदेशीपुऱ्यातल्या एका खोलीतली. आपल्याकडच्या कापड गिरण्या एकेक करून बंद पडल्या, आणि त्यातल्या एकीच्या मजुरांना थकलेली देणी तीसहून अधिक वर्षांनी, २०२३ च्या डिसेंबरात मिळायला लागली, हे आपण सगळ्यांनी पेपरात वाचलं. तेव्हा किती तरी मजूर हयात नव्हते. नाटकातला बाप असाच एक जुना मराठी कामगार. पैसे बँकेत आले आहेत आणि तो ते काढायला जात नाही. मुलगी सकाळपासून मागे लागली आहे. आई जाऊन सहा वर्षं झाली. एवढंच नाटक. पाऊण तासाचं, दोन माणसं, एक शेजारीण आणि फोनवरचा एक भाऊ.

ही माणसं कशी बोलतात? जशी आपण घरी बोलतो तशी. ‘मी येऊन राहिले आहे’, ‘त्याला विचारून घे ना’, ‘मला आत्ता माहीत पडलं’, ‘फोन उठव’. नाटकाच्या मध्यावर मुलगी बापाला विचारते, “तुम्हाला वाईट लागलं का, बाबा?” आणि बाप म्हणतो, “लागून लागून आता कुठे लागणार?”

बापाचं काम विद्युत मंडळातून निवृत्त झालेले एक गृहस्थ वाचत होते. सगळे त्यांना दादा म्हणतात. हे वाक्य वाचून ते थांबले. खोलीत कोणी हललं नाही. मला मात्र वाटलं, दादांची ओळ हरवली. मी पुढची रंगसूचना घाईने वाचून टाकली: ‘ती चहाचा कप उचलते.’

वाचन संपलं. टाळ्या झाल्या, पोहे झाले, मग चर्चा. चर्चेत काय होतं ते तुम्हाला माहीत आहे. एकाने नाटकात संगीत हवं असं सुचवलं. एकाने शेवट आशादायी करायला सांगितला. एक काका म्हणाले की बापाला हृदयविकाराचा झटका आला तर नाटक उंचीवर जाईल. मुलगी वहीत सगळं लिहून घेत होती. झटका पण लिहिला.

मग मी उठले. माझ्या हातातल्या प्रतीवर लाल पेन्सिलीने सतरा खुणा होत्या. मी त्या तालमीतच करून ठेवल्या होत्या. मी म्हणाले, “नाटक छान आहे, बाळा. पण भाषा जरा शुद्ध करून घे. ‘वाईट लागलं’ नव्हे, ‘वाईट वाटलं’. ‘माहीत पडलं’ नव्हे, ‘कळलं’. उद्या हे नाटक पुण्यात गेलं तर लोक हसतील.” दोघं-तिघं मान हलवत होते. मुलीने माझी प्रत मागून घेतली. तिच्या चेहऱ्यावर काय होतं हे मी त्या वेळी बघितलं नाही. मला फार चांगलं काम केल्यासारखं वाटत होतं.

इथे थोडं माझ्याबद्दल सांगायला हवं. मी बारा वर्षांची असताना उन्हाळ्याच्या सुट्टीत पुण्याला आत्याकडे गेले होते. आत्याने आमरस केला होता. मी म्हणाले, “आत्या, मला फार चांगलं लागलं.” पंगतीत चुलत-आते भावंडं मिळून आठ जण होती. जे हसली ती अख्खी सुट्टी हसत राहिली. “लागलं? कुठे लागलं? आयोडिन आणू का?” त्यात वाईट हेतू कोणाचा नव्हता, मुलंच ती. पण त्या सुट्टीनंतर मी पुण्याच्या माणसांशी बोलताना प्रत्येक वाक्य आधी मनात तपासून मग तोंडातून काढते. साठी उलटली तरी ही सवय गेली नाही. माझ्या मुलांना मी लहानपणापासून टोकत आले. आता मुलगा बंगळुरूला असतो आणि माझ्याशी निम्मं इंग्रजीत बोलतो. त्यात चूक झाली तर आई टोकत नाही, हे त्याने एकदा हसत हसत सांगितलंही. ती लाल पेन्सिल त्या पंगतीतून निघालेली आहे, हे मला तेव्हा कळलं नव्हतं.

दीड महिन्याने मुलीचा फोन आला. “काकू, तुम्ही सांगितलं ते सगळं करून टाकलं. पुन्हा एकदा वाचून बघू या?”

या वेळी दहा-बाराच माणसं होती. वाचन सुरू झालं. मी रंगसूचना वाचत होते. खिडकी तीच, कप तोच, दादा तेच. पण परदेशीपुऱ्यातल्या त्या खोलीत आता आकाशवाणीच्या बातम्या लागल्यासारखं वाटत होतं. भाषा स्वच्छ होती. माणसं मात्र कुठे तरी निघून गेली होती. दहाव्या मिनिटाला पहिला खोकला आला आणि मग येतच राहिला. मुलगी शेवटच्या रांगेत होती, तिने पेन खाली ठेवलेलं मला दिसलं.

आणि ती जागा आली. मुलीचं काम वाचणारी म्हणाली, “तुम्हाला वाईट वाटलं का, बाबा?” त्यावर दादांनी वाचलं, “आता काय वाटायचं?” आणि ते थांबले. पान मागे उलटलं. पुन्हा पुढे आणलं. मग स्टँडच्या वरून बघत म्हणाले, “पोरी, इथे काही तरी होतं. कुठे गेलं?”

वाचन असं मध्येच थांबवायचं नसतं. पण थांबलं. कोणी काही बोललं नाही. मी माझ्या प्रतीकडे बघत बसले. ‘लागून लागून आता कुठे लागणार’ हे उत्तर ‘लागलं’ या शब्दावर उभं होतं. गिरणीत ज्याची बोटं गेली, ज्याचा पगार गेला, बायको गेली, त्या माणसाला मुलगी हिंदीच्या वळणाने विचारते ‘वाईट लागलं का’, आणि तो त्या शब्दाचा मराठी अर्थ धरून उत्तर देतो. जखम झाली का, असं ती न कळत विचारून बसते. असा शब्द पुण्यातल्या लेखकाला सुचला नसता, कारण त्याच्याकडे तो नाहीच. तो इंदूरच्या घरातच मिळतो. मी तो लाल पेन्सिलीने खोडला होता, आणि त्याच्याबरोबर उत्तरही गेलं.

मी तिथल्या तिथे माफी मागितली असती तर बरं झालं असतं. मागितली नाही. “वेळ झाला, आवरू या,” असं म्हणून पोह्यांचं बघायला खाली गेले.

त्या रात्री झोप लागली नाही, म्हणून वाचत बसले. ऑगस्ट विल्सन हा अमेरिकेतला मोठा कृष्णवर्णीय नाटककार. पिट्सबर्ग शहरातल्या हिल डिस्ट्रिक्ट या वस्तीत वाढलेला. सुरुवातीला त्याला आपल्या वस्तीतल्या माणसांचं बोलणं नाटकाच्या योग्यतेचं वाटायचं नाही. तो ते बदलून काव्यमय करायचा आणि पात्रं काही केल्या जिवंत होत नसत. १९७८ मध्ये तो सेंट पॉल या दूरच्या शहरात राहायला गेला आणि तिथे, लांबून, त्याला ते बोलणं नीट ऐकू यायला लागलं. कनेटिकटमध्ये ओ’नील सेंटर नावाची संस्था आहे. तिथे १९६० च्या दशकापासून दर उन्हाळ्यात नव्या नाटककारांची नाटकं अशीच, हातात संहिता घेऊन, लोकांपुढे होतात. विल्सनने तिथे पाठवलेली नाटकं एकामागून एक परत आली. शेवटी ‘मा रेनीज ब्लॅक बॉटम’ निवडलं गेलं, १९८२ मध्ये तिथे ते झालं आणि १९८४ मध्ये ब्रॉडवेवर पोहोचलं. पुढे त्याने त्याच वस्तीतल्या, त्याच बोलीतल्या माणसांची नाटकं जन्मभर लिहिली.

एवढ्या लांब जायची गरजही नव्हती म्हणा. महेश एलकुंचवार नागपूरचे. त्यांची ‘सुल्तान’ ही एकांकिका ‘सत्यकथे’त आली, ती विजया मेहतांनी वाचली आणि ‘रंगायन’मध्ये केली. तिथून सगळं सुरू झालं. त्यांच्या ‘वाडा चिरेबंदी’तली वऱ्हाडी वळणाची बोली मी स्वतः टाळ्या वाजवून ऐकली आहे. तेव्हा माझी पेन्सिल पर्समध्येच राहिली होती. वऱ्हाडी चालते, कोकणी वळण चालतं, कोल्हापुरी तर फारच आवडते. आपली इंदुरी तेवढी चुकीची! यात मी कोणावर टीका करत नाही. ही माझीच कथा आहे.

दुसऱ्या दिवशी मी मुलीच्या घरी गेले. सोबत शेव नेली, मोकळ्या हाताने माफी मागायची सवय नाही. तिने आधी पाणी दिलं, मग म्हणाली, “काकू, तुम्ही बरोबरच सांगितलं होतं ना. पुण्यात हसले असते.” मी म्हटलं, “हसू दे. मी बारा वर्षांची असताना हसले होते, मेले नाही मी त्यानं.” मग आमरसाची गोष्ट सांगितली. ती खूप हसली. हसता हसता तिच्या डोळ्यांत पाणी आलं. ते आयोडिनमुळे की आणखी कशामुळे, मी विचारलं नाही. तिने सांगितलं की आमच्या सूचना ऐकल्यावर तिने नाटक सोडून द्यायचं ठरवलं होतं. झटक्याचा प्रवेशसुद्धा लिहून बघितला होता, तिला स्वतःलाच त्याची लाज वाटली. दुसरं वाचन तिने एवढ्यासाठी ठेवलं की मोठ्या माणसांनी वेळ दिला आहे, त्यांना नाही कसं म्हणायचं.

हे ऐकून मला खरंच लागलं.

तिसऱ्या वाचनाच्या आधी दिग्दर्शन करणाऱ्या मुलाने एक पद्धत आणली. लिझ लर्मन या अमेरिकी नृत्यदिग्दर्शिकेने १९९० च्या सुमारास ती बसवली, आणि आता नाटक, नृत्य, कविता असं काहीही कच्चं असताना दाखवायचं तर अनेक जण ती वापरतात. तिचे चार टप्पे आहेत. आधी श्रोत्यांनी फक्त एवढंच सांगायचं की काय लक्षात राहिलं, काय भिडलं. मग लेखकाने श्रोत्यांना प्रश्न विचारायचे. मग श्रोत्यांनी लेखकाला प्रश्न विचारायचे, पण ज्यात मत दडलेलं नाही असे. आणि सगळ्यात शेवटी मत. तेही आधी परवानगी मागून: “शेवटाबद्दल माझं एक मत आहे, ऐकायचं आहे का?” लेखक नाही म्हणाला तर गप्प बसायचं.

इंदूरच्या मंडळींना परवानगी मागून मत द्यायला लावणं म्हणजे सराफ्यात जाऊन उपाशी परत येण्यासारखं आहे. झटकावाले काका दोनदा उठले आणि दोनदा बसवले गेले. सगळ्यात अवघड गेला तिसरा टप्पा. मत दडलेलं नाही असा प्रश्न विचारून बघा एकदा. “शेवट इतका उदास का ठेवलास?” हा प्रश्न नाही, ते मत आहे. “बाप पैसे काढायला का जात नाही, हे तुला माहीत आहे का?” हा प्रश्न. हा दादांनी विचारला. मुलगी बराच वेळ गप्प राहिली आणि मग म्हणाली, “नाही. मला वाटायचं माहीत आहे.” ते तिने वहीत लिहिलं. पहिल्या दिवशी लिहिलेल्या सगळ्या सूचनांपेक्षा ही एक ओळ तिने जास्त वेळ लावून लिहिली.

मी एकच प्रश्न विचारला. शेजारीण दुसऱ्या प्रवेशात येते ती कुठून, कारण मी रंगसूचना वाचत असून मला तिचं दार कुठे आहे ते समजलं नव्हतं. बँकेतल्या बाईला दार कुठे आहे हे कळायला हवं असतं. मुलगी म्हणाली, दाराचा विचारच केला नव्हता.

‘लागून लागून’ परत आलं होतं. माझ्या सतरा खुणांपैकी चार तिने ठेवल्या. त्या चारही मुलीच्या फोनवरच्या भावाच्या वाक्यांतल्या होत्या. भाऊ पुण्यात नोकरीला आहे, तो तसंच बोलेल, असं तिचं म्हणणं. मला ते पटलं. शेवट मला अजूनही पटलेला नाही. तसं सांगायची मी परवानगी मागितली होती, तिने हसून नाही म्हटलं.

आता दिवाळीनंतर एक छोटा प्रयोग करायचं घाटत आहे. सभागृह मिळालेलं नाही, पैसे तर नाहीतच. तरी वाचनालयाच्या वरच्या खोलीतही होईल असं दादा म्हणतात. ते पाठांतराला लागले आहेत आणि त्यांच्या पत्नीने तक्रार केली आहे की ते घरातही ‘कुठे लागणार’ असंच उत्तर देतात. बाकीच्या दोन नाटकांपैकी एक लेखकाने स्वतःच मागे घेतलं, दुसऱ्याचं वाचन पुढच्या महिन्यात आहे. या वेळी श्रोते सत्तावीसपेक्षा जास्त असावेत अशी इच्छा आहे. पोहे आहेतच.

रंगसूचना आता दुसरी एक जण वाचणार आहे. मला शेजारणीचं काम दिलं आहे, माझ्या दाराच्या प्रश्नाची शिक्षा म्हणून. तिची अकरा वाक्यं आहेत आणि पहिलंच वाक्य आहे, “मला आत्ताच माहीत पडलं.” काल स्वयंपाकघरात पोळ्या करता करता ते मी दहा वेळा तरी म्हटलं. तोंडून दर वेळी ‘कळलं’ येत होतं. अकराव्यांदा बरोबर आलं आणि जरा मोठ्याने आलं. बाहेरून आमच्या ह्यांनी विचारलं, “काय माहीत पडलं गं?”